टॉपला १९ लिटरवाली ठिपकी की १५ वाली चांदी: सिन्नरच्या एका गोठ्यातलं प्रकरण

गोठा सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, शिर्डी रोडने गेलं की वावीच्या अलीकडे. पाण्याची कायम बोंब असलेला भाग, उन्हाळ्यात चारा विकतच घ्यावा लागतो, त्यामुळे दरवर्षी जानेवारी आला की प्रत्येक गोठ्यात एकच हिशोब चालू होतो, कोण ठेवायची आणि कोण काढायची. नाना (माझ्या मावशीचे दीर) यांच्याकडे लहानमोठी चौदा जनावरं, सगळी एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी जातीचा संकर), आणि त्यातल्या दोन घरच्याच कालवडी त्या वर्षी पहिल्यांदा व्यायलेल्या. एक ठिपकी, एक चांदी. दोघी दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर, आठवड्याच्या अंतराने व्यायल्या. गोठा तोच, गव्हाण शेजारी शेजारी, मूरघास एकाच खड्ड्यातला, धार काढणाऱ्या नानीच. दोघींचे वळू मात्र वेगळे.

जानेवारीत ठिपकी दिवसाला १९ लिटरवर होती आणि चांदी १५ वर. नानांचा निर्णय झालेला होता, चांदी लोणीच्या बाजारात न्यायची. "अरे पहिल्या वेताला पंधरा म्हणजे पुढं किती जाणार ती, आणि ठिपकीकडं बघ." यात चूक काढण्यासारखं काही नाही खरं तर, सगळे असंच करतात. आपल्याकडचा ठोकताळाही तसाच आहे की टॉपला (दिवसाचं दूध सगळ्यात जास्त असतं तेव्हा) जेवढं दूध त्याच्या साधारण २०० पट अख्ख्या वेताचं (व्यायल्यापासून आटेपर्यंतचं), म्हणजे टॉपला एक लिटर जास्त तर वेताला दोनशे-सव्वादोनशे लिटर जास्त. त्या हिशोबाने ठिपकी चांदीच्या पुढे किमान आठशे लिटर जायला पाहिजे होती.

चांदी त्या महिन्यात वाचली ती दुधासाठी नाही. बाजारात भाव पडलेले होते आणि व्यापाऱ्याने तिच्या कासेकडे बघून फारच कमी सांगितलं, नाना चिडले आणि गाय परत बांधली. नाहीतर हे प्रकरण लिहायला काही उरलंच नसतं.

आता आकडे. नाना डेअरीच्या कॅलेंडरवर रोजचं एकत्र दूध लिहितात, त्यातून एकेका गायीचं काही कळत नाही. म्हणून त्या वर्षी व्यायल्यापासून एक केलं, महिन्यातून एक दिवस ठरवून प्रत्येक गायीची सकाळची आणि संध्याकाळची धार वेगळी मोजायची, बादली ताणकाट्याला लावून. एवढंच. नानी पहिल्यांदा वैतागल्या, कारण मोजायला थांबलं की पुढच्या गायीचा पान्हा जातो असं त्यांचं म्हणणं (आणि ते बरोबर आहे, पान्ह्याचं हार्मोन पाचसात मिनिटंच टिकतं), मग काटा गव्हाणीच्या वरच्या पाइपलाच टांगून ठेवला आणि भांडण मिटलं.

ठिपकीचे दहा महिन्यांचे आकडे असे आले: १६, १९, १७.५, १५.५, १३.५, १२, १०, ८.५, ७, ६. चांदीचे: १२, १५, १५, १४.५, १४, १३.५, १३, १२, ११, १०. प्रत्येक आकड्याला साडेतीस दिवस धरून बेरीज केली तर ३०५ दिवसांचं ठिपकीचं दूध होतं सुमारे ३८१० लिटर आणि चांदीचं ३९६५. म्हणजे जी काढायची ठरली होती तीच दीडशे लिटर पुढे. पहिल्या तीन महिन्यांत ठिपकी सुमारे ३२० लिटरने पुढे होती हे लक्षात घ्या, ते सगळं पाचव्या महिन्यापासून उलटं फिरलं.

दीडशे लिटर हा काही मोठा फरक नाही, एखादा ताप आला तरी एवढं इकडेतिकडे होतं. माझ्या दृष्टीने मुद्दा बेरजेचा नाहीच. बेरीज जवळपास सारखी आणि चढउतार पूर्ण वेगळा, हा मुद्दा. फक्त ३०५ दिवसांचा आकडा समोर ठेवला असता तर दोन्ही गायी सारख्याच म्हणून सुटल्या असत्या, आणि फक्त जानेवारीचा आकडा बघितला तर चांदी कत्तलीच्याच लायनीत.

मग प्रश्न आला की ठिपकीचं दूध उतरलं कशाने. इथे लगेच "जेनेटिक आहे" म्हणून मोकळं होणं सोपं असतं पण आधी बाकीचे संशयित तपासायला हवेत. पहिला संशय ऊन. पाचवा-सहावा महिना म्हणजे मार्च मध्य ते मे मध्य, आपल्याकडचं टिपिकल तापलेलं पत्र्याचं शेड, आणि एचएफ रक्ताला तापमान-आर्द्रतेचा निर्देशांक ७२ च्या वर गेला की त्रास सुरू होतो. उन्हाचा फटका जास्त दुधाच्या गायीला जास्त बसतो हे खरं आहे, पण पाचव्या महिन्यात दोघी साडेतेरा आणि चौदावर होत्या, म्हणजे सारख्याच दुधाच्या, आणि शेड एकच. शिवाय ठिपकीची उतरण फेब्रुवारीतच लागलेली, तेव्हा सकाळी अंगावर स्वेटर होता. दुसरा संशय चारा, तर मूरघास दोघींनाही तोच आणि गोळीपेंड दुधाप्रमाणे, त्यामुळे तो गेला. तिसरा दगडी (कासेला होणारी सूज), आणि तीही वरून न दिसणारी. पशुधन पर्यवेक्षकांनी चारही सडांचं दूध त्या चार वाट्यांच्या ट्रेमध्ये घेऊन जांभळं द्रावण टाकून फिरवलं, कुठेही चिकट साका झाला नाही, चारही वाट्यांत दूध पाण्यासारखं पातळ फिरत राहिलं. म्हणजे तेही नाही.

चौथा संशय गाभणपणा, आणि इथे गंमत आहे. गाय पाच महिन्यांची गाभण झाली की पोटातलं वासरू खायला लागतं आणि दूध उतरायला लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. तर चांदी व्यायल्यानंतर ११० दिवसांच्या आसपास, मार्चच्या सुरुवातीला, पहिल्याच कांडीत (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) गाभण राहिली. ठिपकी मात्र तीन कांड्या खाऊन मेअखेरीला राहिली. म्हणजे गाभणपणामुळे दूध पडायचं असतं तर ते चांदीचं पडायला हवं होतं, ती दहाव्या महिन्यात साडेसहा महिन्यांची गाभण असून दहा लिटरवर होती. ठिपकी तेव्हा जेमतेम साडेतीन-चार महिन्यांची गाभण आणि दूध सहा.

इतकं सगळं गाळल्यावर जे उरतं त्यात वळूचा वाटा असणार असं म्हणायला जागा होते. जागा होते एवढंच म्हणतोय. दोन गायींवरून वळूचा निकाल लावता येत नाही. नानांच्या गोठ्यात ठिपकीच्या वळूच्या अजून दोन मुली आहेत, त्यातली एक अशीच झपाट्याने चढून झपाट्याने उतरते, दुसरी नाही उतरत. चांदीच्या वळूची अजून एक आहे, ती चांदीसारखीच सपाट चालते. वळूची खरी परीक्षा म्हणजे वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या गोठ्यांतल्या पुष्कळ मुलींचं मासिक दूध. त्याशिवाय जे बोलू ते अंदाज.

पण अंदाज कशावर उभा आहे ते सांगतो, कारण खरं शिकण्यासारखं तिथे आहे.

आपण धरून चालतो की गायीत दुधाचा गुण असतो तो पहिल्या दिवसापासून आटवेपर्यंत (पुढच्या वेण्याआधी धार बंद करेपर्यंत) सारखाच काम करतो. तसं नसतं. दहा महिन्यांत दुधावरची आनुवंशिक पकड बदलत जाते. गायींच्या दुधातला जो फरक दिसतो त्यातला किती भाग रक्तामुळे आणि किती चारापाणी-आजारपण-हवामानामुळे, हा वाटा महिन्यागणिक मोजला तर व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्ताचा वाटा सहसा कमी निघतो आणि मधल्या महिन्यांत वाढतो. जनुकं सुरुवातीला झोपलेली असतात असा याचा अर्थ नाही. त्या काळात बाकीचा गोंधळच इतका असतो की त्यांचा वाटा झाकला जातो, वेण अवघड गेलं का, जार पडला की अडकला, आटवल्यावर दोन महिने तिला काय खायला मिळालं, अंगावर किती चरबी होती, कॅल्शियम कमी पडून बसली का, कीटोसिस (अंगावरची चरबी फार वितळून होणारा आजार) झाला का. यातलं प्रत्येक कारण दोन-चार लिटर इकडेतिकडे करू शकतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर हे वादळ शमतं, मग जी गाय जशी आहे तशी दिसायला लागते.

नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांना एकदम आठवलं की ठिपकी गाभण असताना घरात मका चांगला झाला होता आणि तिला भरडा सढळ हाताने पडला होता, व्यायली तेव्हा पाठीवर मांस भरलेलं. चांदी मात्र शेवटच्या दोन महिन्यांत खुरकताने (तोंडाखुरांच्या साथीच्या आजाराने) बेजार होती, व्यायली तेव्हा बरगड्या दिसत होत्या. म्हणजे जानेवारीत आम्ही दोन गायींच्या रक्ताची तुलना करतोय असं समजत होतो आणि निम्मी तुलना ऑक्टोबरच्या भरड्याची होती!

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. पहिल्या महिन्यातलं दूध आणि आठव्या महिन्यातलं दूध हे आनुवंशिकतेच्या नजरेतून अर्धेमुर्धे वेगळे गुण आहेत. त्यांच्यात नातं असतं, चांगलं चढणारी बऱ्याचदा पुढेही बरी असते, पण शेजारशेजारच्या महिन्यांत जेवढं घट्ट नातं असतं तेवढं पहिल्या आणि शेवटच्या महिन्यांत राहत नाही. कारण शरीरात काम वेगळं चाललेलं असतं. सुरुवातीला गाय जेवढं खाते त्यापेक्षा जास्त दूध देते, दूध साधारण दीड-दोन महिन्यांत टॉपला जातं पण खाणं टॉपला जायला तीन महिने लागतात, मधला खड्डा ती स्वतःच्या अंगावरच्या चरबीतून भरते. त्या वेळी वाढीचं हार्मोन रक्तात भरपूर असतं पण लिव्हर त्याला नेहमीसारखा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे चरबी वितळत राहते आणि कासेकडे जात राहते. म्हणजे सुरुवातीच्या दुधात चरबी किती सहज सोडता येते, लिव्हर किती झेपवतं, याची जनुकं बोलत असतात. टॉपनंतर प्रश्न बदलतो. कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि नवीन तेवढ्या तयार होत नाहीत, दूध उतरतं ते प्रामुख्याने पेशी कमी झाल्यामुळे. ज्या गायीच्या पेशी जास्त टिकतात तिचं दूध टिकतं. त्याची जनुकं वेगळी असू शकतात हे मग पटायला जड जात नाही.

ठिपकी नेमकी चरबी वितळवणारी निघाली. जानेवारीत तिचं दूध बघून सगळे खूष होते, पण तेव्हा काढलेल्या फोटोत आता बघितलं तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले स्पष्ट दिसतात. तीन कांड्या लागल्या त्या काही कांडी भरणाऱ्याच्या हाताने नाही, अंग उतरलेली गाय माजावर नीट येत नाही आणि आली तरी ठरत नाही.

फॅटचंही थोडं सांगतो कारण डेअरीवर पैसे त्याचे मिळतात. चांदीची आजी गीर क्रॉस होती. चांदीचं फॅट ३.९-४ लागायचं, ठिपकीचं ३.४-३.५ आणि उन्हाळ्यात त्याच्याही खाली. डीजीएटी-१ म्हणून एक जनुक आहे, गायीच्या १४ व्या गुणसूत्रावर, २००२ मध्ये ते दुधाच्या फॅटशी जोडलं गेलं. त्याच्या एका रूपात फॅट वाढतं आणि दूध थोडं कमी होतं, दुसऱ्या रूपात उलट. आपल्या देशी गायींमध्ये फॅट वाढवणारं रूप जवळजवळ सगळ्यांत असतं, एचएफमध्ये दोन्ही सापडतात. आता या जनुकाचाही परिणाम अख्ख्या वेतात एकसारखा नसतो, पहिल्या काही आठवड्यांत तो फारसा दिसत नाही आणि नंतर उघडत जातो. कारण असं सांगतात की सुरुवातीला दुधातली बरीच चरबी अंगावरून थेट येते, तेव्हा कास स्वतः काय बनवते त्याला महत्त्व कमी. चांदीत हे रूप आहे की नाही हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आजीवरून अंदाज करणं म्हणजे आडनावावरून गाव ओळखण्यासारखं, कधी जमतं कधी नाही. पण पहिल्या महिन्याचं फॅट बघून गायीला फॅटचा शिक्का मारू नये एवढं नक्की.

हे सगळं शास्त्रज्ञांना माहीत होऊन बराच काळ झालाय. दूध कसं चढतं-उतरतं त्याचं गणिती सूत्र वुड यांनी १९६७ मध्येच मांडलं. पुढे नव्वदच्या दशकात अशी पद्धत आली की वेताची एकच बेरीज न घेता दर महिन्याचं मोजलेलं दूध स्वतंत्र धरायचं आणि प्रत्येक वळूसाठी एका आकड्याऐवजी अख्खी रेषाच काढायची, व्यायल्यापासून दहा महिन्यांपर्यंतची. कॅनडाने १९९९ पासून ती अधिकृत वापरायला घेतली, आणि तिथल्या वळूंच्या माहितीत दूध टिकण्याचा वेगळा आकडा असतो, सरासरी १०० धरून. आपल्याकडे कांडी घेताना सहसा काय दिसतं, तर वळूच्या आईचं वेताचं दूध आणि फॅट. तेही नाना विचारत नाहीत, ते विचारतात "भारी कोणती आहे?" आणि जी महाग ती भारी.

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी गौ चिप आणली गेली, कालवडीच्या डीएनएवरून तिची क्षमता लहानपणीच सांगण्यासाठी. चांगलं आहे, पण चिपला स्वतःला काही कळत नाही, ती आधी मोजलेल्या गायींच्या दुधावरून शिकते. मोजताना फक्त वेताची बेरीज लिहिली असेल तर चिपही बेरीजच सांगणार. कुठली कालवड आठव्या महिन्यात टिकेल हे सांगायचं तर कोणीतरी आठव्या महिन्यात काटा टांगलेला असला पाहिजे. ज्यांच्याकडे महिन्याला मोजणी करायला माणूस येतो त्यांनी त्याला "उद्या या" म्हणून परत पाठवू नये ही माझी कळकळीची विनंती, गायीच्या कानातल्या त्या बारा आकडी पिवळ्या बिल्ल्याचा खरा उपयोग तोच आहे.

जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट, कारण नानांनी लगेच दुसरं टोक गाठलं. त्यांनी तिसऱ्या वेताच्या एका गायीचे आकडे काढले आणि म्हणाले ही पण ठिपकीसारखीच उतरते, हिलाही खराब रक्त. पहिल्या वेताच्या गायीचं दूध मुळातच सपाट चालतं, कास अजून वाढत असते. पुढच्या वेतांत टॉप उंच जातो आणि उतरणही जास्त लागते, महिन्याला आठ-दहा टक्के उतरणं तिसऱ्या वेताला नॉर्मल समजतात, पहिल्या वेताला सहाच्या आसपास. ठिपकी पहिल्या वेतात असून बहुतेक महिने दहा टक्क्यांच्या वर उतरत होती म्हणून ती नजरेत आली. वेताप्रमाणे वेत लावूनच तुलना करायची, पहिलीशी पहिली.

पुढे काय झालं ते सांगतो. ठिपकी मेअखेरीला राहिली म्हणजे पुढच्या मार्चच्या सुरुवातीला व्यायली, टॉप येणार भर एप्रिलमध्ये, तेव्हा खड्ड्यात मूरघास तळाला आणि विहिरीत पाणी तळाला. जास्त चढणाऱ्या गायीला ज्या वेळी सगळ्यात जास्त खायला लागतं त्या वेळी नानांकडे सगळ्यात कमी असतं. संगमनेरकडच्या एकाने, ज्याच्याकडे बारमाही पाणी आणि दोन एकर घास आहे, ती व्यायल्यावर पंधरा दिवसांनी घेतली, तीन धारा समोर काढून, आणि चांगले पैसे दिले. नानांनी त्याला उतरणीचे आकडे दाखवले का? दाखवले, वही पुढे केली. त्याने बघितलीच नाही, म्हणाला "नाना, टॉपला किती गेली तेवढं सांगा." त्याच्याकडे ती नीट चाललीही असेल, भरपूर चाऱ्यावर तशा गायी चालतात आणि सुरुवातीचं चढतं दूध तो वसूल करू शकतो.

चांदी डिसेंबरच्या मध्यावर व्यायली, खुरकत नव्हतं, आटवल्यावर भरडाही मिळाला होता, यावेळी टॉपला १९ गेली. तिला भरवायची वेळ आली तेव्हा नानांनी कांडी भरणाऱ्या दादाला विचारलं की या वळूच्या मुली सातव्या-आठव्या महिन्यात किती देतात. दादाकडे उत्तर नव्हतं, कॅटलॉगमध्येही नव्हतं. मग शेजारच्या दोन गावांत चांदीच्या वळूच्या मुली कोणाकडे आहेत ते कांडी भरल्याच्या नोंदींवरून शोधलं, तीन गोठे सापडले. त्यातल्या एकाकडेच महिन्याचे आकडे लिहिलेले निघाले, ते सपाट होते. चांदी त्याच वळूची मुलगी असल्यामुळे तिला तोच वळू तर वापरता येणार नव्हता, म्हणून त्या गोठ्यातल्या दुसऱ्या एका टिकाऊ गायीचा बाप कोण ते बघून त्याचा नंबर घेतला, आणि कांडीवरचा नंबर नानांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, खाली तारीख.